गाण्याच्या मागे बसलेलं

मैफलीला गेले की माझे डोळे आता आधी मागे जातात, तंबोऱ्यांकडे. पूर्वी असं नव्हतं. सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, तेव्हा सतरंजी टाकून तासन् तास बसायचो. पण सगळा जीव गायकाच्या आवाजात आणि समेवर अडकलेला. गेल्या दहा-बारा वर्षांत हे हळूहळू बदलत गेलं. गाणं ज्याच्या आधाराने उभं राहतं ते ऐकायची सवय याच काळात लागली, आणि ती गाण्यापुरती राहिली नाही.

सुरुवात मिरजेत झाली. भाचीसाठी तंबोरा घ्यायचा होता. एकोणिसाव्या शतकातल्या कारागीर फरीदसाहेबांपासून इथे तंतुवाद्यं घडवण्याची कला चालत आलेली आहे. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले, 1937 साली ते गेल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचं दफन झालं, एवढं मला ठाऊक होतं. कारखान्यात मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं. माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले कडू भोपळे एकमेकांना टेकून ठेवलेले, खाली लाकडाचा भुसा, आणि एका कोपऱ्यात तिथले कारागीर चाचा घोडीवर कानस फिरवत बसलेले. कानस दोन हात फिरवायची, तारा चढवायच्या, छेडायच्या, मान हलवायची, तारा पुन्हा उतरवायच्या. असा तासभर गेला. मग त्यांनी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा घातला आणि तो नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवू लागले. एका ठिकाणी आल्यावर तार एकदम खुलली. ‘ताई, आता गंधार ऐका,’ चाचा म्हणाले.

तंबोऱ्याच्या चार तारांत गंधार नसतोच. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, बस्स. पण खर्जाचा आवाज विरता विरता वरून कुठूनतरी स्वच्छ गंधार उमटला. कुणी न छेडलेला. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

हे नुसतं रसिकांचं भाबडेपण नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा या वाद्यांवर शोधनिबंध लिहिला होता. तार बरोबर मध्यावर छेडली तर तिच्यातून वरच्या सप्तकाचा षड्ज निघू नये, असं जुना नियम सांगतो. तंबोऱ्यात तो खणखणीत ऐकू येतो. कारण आहे घोडीची किंचित गोलाई. कंप पावणारी तार तिला पुन्हा पुन्हा स्पर्श करते, सुटते, आणि त्या स्पर्शातून वरचे स्वर जागे राहतात. चाचांनी रामन यांचं नाव ऐकलं होतं की नाही, मी विचारलं नाही. त्यांच्या नखाला तो निबंध पाठ होता. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिल्यांदा ते नख आठवलं.

त्यानंतर चित्रं बघतानाही फरक पडला. वासुदेव गायतोंडे यांची चित्रं मला लांबची वाटायची. ना आकृती, ना गोष्ट. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहातलं त्यांचं एक चित्र मी अगदी जवळ जाऊन न्याहाळत होते. तिथला पहारेकरी म्हणाला, ‘मॅडम, मागे सरका थोडं आणि जरा थांबा. लगेच नाही दिसत.’ दिवसभर त्या भिंतीपुढे उभा राहणारा माणूस तो, मी ऐकलं. रोलरने चढवलेले आणि पुन्हा खरवडलेले रंगाचे थर थोड्या वेळाने एकामागून एक उलगडू लागले, आणि खालचा उजेड वर आला. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, रंग लावण्यापेक्षा अधिक वेळ थांबण्यात घालवत. ते थांबणं कॅनव्हासवर उतरतं, असं मला मनापासून वाटतं.

अशीच एक भेट एका मैफलीच्या मध्यंतरात चहाच्या टपरीवर झाली. गायिकेच्या मागे तंबोऱ्यावर बसलेली विद्यार्थिनी शेजारी उभी होती. मी तिला सहज विचारलं, इतका वेळ कंटाळा नाही येत? ती म्हणाली, ‘कंटाळा कसला! तबला द्रुत झाला की बोटं त्याच्या मागे धावायला बघतात. ती धावू द्यायची नाहीत. आपली चाल आपलीच ठेवायची. माझा अर्धा रियाज तिथेच होतो.’ इतकी वर्षं मी गाणं ऐकतेय, पण मागे बसलेल्या त्या मुलीला सबंध मैफलभर लयीपासून अलिप्त राहावं लागतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या रात्रीचा उत्तरार्ध मी तिच्या बोटांकडे बघत ऐकला, आणि तराणा कधी नव्हे इतका वेगवान भासला.

आता बहुतेक क्लासांत फोनवरचा तंबोरा लागतो. सोयीचा आहे, प्रवासात मीही लावते. पण तो कधी उतरत नाही, त्यामुळे कान लावून मिळवावाही लागत नाही. भाचीचा तंबोरा उन्हाळ्यात, पावसाळ्यात, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा उतरतो. ती खुंट्या पिळते, मणी सरकवते, डोळे मिटून ऐकते, पुन्हा मणी सरकवते. यात तासातली दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. तिच्या बाई तोवर समोर शांतपणे बसून असतात, घाई करत नाहीत, तंबोरा हातात घेऊन स्वतः लावून देत नाहीत. मला त्या बाईंचं फार कौतुक वाटतं.