बेळगावचे फडेप्पा चौगुले

पोलीस भरतीसाठी आपली पोरे पहाटे तुळजापूर रस्त्याला धावताना दिसली, की आम्हाला बेळगावचे फडेप्पा चौगुले आठवतात.

डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धा पाहायला दोराबजी टाटा पुण्याला आले होते. धावणारे बहुतेक खेड्यातले शेतकरी, अनवाणी, शिकवायला कोणी नाही. तरी त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होती! टाटांनी पदरचे पैसे घातले आणि १९२० साली चौगुले बेल्जियममधील अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला उभे राहिले. अंतर ४२.७५ किलोमीटर. पहिला आलेला फिनलंडचा कोलेहमायनेन त्यांच्या १८ मिनिटे पुढे होता; पण चौगुल्यांनी शर्यत सोडली नाही. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद, नंबर १९ वा.

परवा त्या पोरांना आम्ही हे नाव विचारले. एकालाही ठाऊक नव्हते.