रंग उमटला, पण कशाचा?

पाव भाजला की त्याची कड तांबूस होते. साखर व प्रथिने यांच्या या संयोगाचे वर्णन फ्रेंच शास्त्रज्ञ माइलार यांनी १९१२ साली केले. हीच क्रिया आपल्या देहात चुलीवाचून, वर्षानुवर्षे मंदपणे चालते. मधुमेहात तिला वेग येतो. तिची अंतिम द्रव्ये डोळे, मूत्रपिंडे व रक्तवाहिन्या यांत साठतात.

ती ऊतकात कोठे आहेत हे पाहण्यासाठी आपण प्रतिपिंडांचा आधार घेतो. प्रतिपिंड ठराविक द्रव्यालाच चिकटते व तेथे रंग उमटविता येतो. जपानमध्ये तयार झालेले '६डी१२' हे प्रतिपिंड अशा सर्व द्रव्यांतील समाईक अंश ओळखते, असे १९९१ साली वाटले. १९९६ साली कळले की, ते मुख्यतः कार्बॉक्सिमिथिल-लायसिन हे एकच द्रव्य ओळखते.

२००२ साली आणखी एक फसगत उघडकीस आली. प्रतिपिंडाला वाट मोकळी व्हावी म्हणून ऊतकाचा काप तापवितात. त्या उष्णतेनेच हे द्रव्य नव्याने तयार होऊ शकते! म्हणजे पुरावा शोधणाराच पुरावा निर्माण करणार.

तेव्हा न तापविलेला काप शेजारी ठेवून पडताळा घ्यावा. आणि रंग न दिसल्यास इतर द्रव्येही नाहीत, असे आपण समजू नये.