फोन वाजतो, घर जागं होतं

बकरी ईदनंतरच्या रविवारची गोष्ट. मुलगा एका रात्रीपुरता साताऱ्याला आला होता. सोमवारी सकाळी त्याची ड्युटी होती, म्हणून दुपारच्या एस.टी.ने आम्ही दोघंही त्याच्याबरोबर सांगलीला निघालो. स्टँडवर नेहमीचीच झुंबड. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडल्या. एकाने तर पायातली चप्पल टाकून जागा धरली. आम्हाला मागच्या चाकावरची सीट मिळाली. नागठाणे मागे पडलं आणि मुलाचा फोन वाजला.

मुलगा मिरजेच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. गाडीच्या आवाजात समोरच्याला ऐकू जाईना, म्हणून याचा आवाज चढत गेला. "ओ निगेटिव्ह ना? खालच्या कप्प्यात बघा. खालच्या! नाही हो, उजवीकडे." पुढच्या सीटवर एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. तिने मागे वळून म्हटलं, "दादा, जरा हळू. पोरगं आत्ता कुठं झोपलंय." मुलगा ओशाळला, सॉरी म्हणाला. उंब्रजला दुसरा फोन, कुठलंसं रजिस्टर सापडत नव्हतं. कराडला तिसरा, पेठ नाक्याच्या अलीकडे चौथा. तोवर पोरगं उठून रडायला लागलं होतं आणि अर्ध्या गाडीला रक्तपेढीच्या फ्रीजचा नकाशा पाठ झाला होता.

मुलाच्या अम्मीला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाई, रक्ताचं काम आहे त्याचं. हौसेने नाही बोलत तो."

"असेल हो मावशी," ती बाई म्हणाली, "पण ह्यालाही रात्रभर ताप होता. मिरजेलाच डॉक्टरकडं चाललेय."

आम्ही दोघंही गप्प बसलो. तिला काय उत्तर देणार? आधी तिचा राग आला होता, मग फोन करणाऱ्यांचा आला, मग मुलाचा. पेठ नाक्यावर गाडी आत वळली, आष्ट्याच्या रस्त्याला लागली, तरी कोणी कोणाशी बोललं नाही. आणि या सगळ्यातली खरी गंमत अशी की त्या दिवशी मुलगा ऑन कॉल नव्हताच. ती त्याची हक्काची साप्ताहिक सुट्टी होती.

ऑन कॉल असताना फोन आला तर आमची तक्रार नाही, हे आधीच सांगतो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी 1894 साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, 1962 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं, आणि आता सोलापूर, बेळगाव, विजापूर भागातूनही पेशंट इथेच येतात. बाळंतीण रात्री दोनला रक्तस्रावाने कोसळली तर सकाळची वाट बघून चालत नाही. पिशवी फ्रीजमध्ये असली तरी ती पेशंटच्या रक्ताशी जुळते का हे तपासायला पाऊण तास ते तास लागतो. ते करणारा माणूस झोपेतून उठून आलाच पाहिजे. मुलगा उठतो, तोंडावर पाणी मारतो आणि जातो. एका ईदला शीरखुर्म्याची वाटी हातात असताना गेला होता. त्याच्या अम्मीने वाटी झाकून ठेवली ती अस्रनंतर गरम केली. त्याबद्दल घरात कोणी कुरकुर केली नाही.

कुरकुर आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती नीट समजायला आम्हाला आमचं स्वतःचं लहानपण आठवावं लागलं.

आमचे वालिद मिरजेच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. तेव्हा मिरज जंक्शनला रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ होते आणि रेल्वे क्वार्टरमध्ये फोन नव्हता. गाडीवर जायची पाळी आली की कॉलबॉय यायचा. एका हातात कंदील, काखेत कॉलबुक. कडी वाजवायचा, दोनदा नाव घ्यायचा. वालिद उठून दारात जायचे, बुकात सही करायचे. कधी बोलावलं त्याची वेळ त्यात लिहिलेली असे. गाडीवर हजर व्हायला साधारण दोन तास हातात असत, तेवढ्यात मा चूल पेटवून भाकरी बांधून द्यायची. गाडी सोडून घरी आल्यावर विश्रांतीचे किती तास मिळायचे तेही रेल्वेच्या नियमात लिहिलेलं. ते तास संपेपर्यंत कॉलबॉय आमच्या दाराशी फिरकत नसे. वालिद रेल्वेला शिव्या कमी द्यायचे असं मुळीच नाही. पण कडी वाजली की घरातल्या पोराटोरांनाही कळायचं, की हे बोलावणं खरं आहे आणि त्याची कुठेतरी नोंद आहे.

मुलाच्या फोनची नोंद कुठेच नाही. पहाटे तीनला तासभर जाऊन आलेला माणूस सकाळी आठला पुन्हा हजर असतो. हजेरीपत्रकात फक्त आठ ते चार. ज्या रात्री फोन येत नाही, त्या रात्रीही तो सांगलीबाहेर पाऊल टाकू शकत नाही, कारण अर्ध्या तासात पोचावं लागतं. साखरपुडा असो की कोणाचा जनाजा, आधी ड्युटीचा तक्ता बघायचा. त्याच्या नानीच्या मातीला तो पोचला तेव्हा कब्रस्तानातून लोक परतत होते. हे आम्ही कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. त्या रात्री खरोखरच दुसरा माणूस नव्हता. पण ती रात्र कामाची धरायची की आरामाची, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न जगात इतरांनाही पडलेला आहे. बेल्जियममधल्या निव्हेल नावाच्या गावात एका अग्निशामक जवानाला घरी थांबून बोलावल्यावर आठ मिनिटांत हजर व्हावं लागे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2018 साली निकाल दिला, की एवढं बांधून ठेवणारं घरचं थांबणंसुद्धा कामाचीच वेळ आहे. फ्रान्समध्ये 2017 पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरच्या फोन-मेलबद्दल कर्मचाऱ्यांशी बोलून नियम ठरवावे लागतात. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत तशा हक्काचं खाजगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा काही झाला नाही.

पण आपल्याला एवढं लांब जायची गरजच काय? सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरी परवानगीशिवाय शिरू नये, आणि परत जा म्हटलं तर परत जावं, हे स्पष्ट आलं आहे. हदीसमध्ये तीनदा परवानगी मागून उत्तर आलं नाही तर माघारी फिरण्याची शिकवण आहे. आणि त्याच सूरहमध्ये पुढे घरातल्या नोकरांसाठी आणि लहान मुलांसाठीसुद्धा तीन वेळा ठरवून दिल्या आहेत, जेव्हा विचारल्याशिवाय आत यायचं नाही: फज्रच्या आधी, दुपारी कपडे उतरवून माणूस आडवा होतो तेव्हा, आणि इशानंतर. घरात वावरणाऱ्या लेकरांना जी अट, ती आपण फोनला लावतो का? फोन तर थेट उशाशी शिरतो. रात्रपाळी करून आलेल्याची रात्र दुपारी असते, हेही आपण विसरतो. आणि "आपण" म्हणताना त्यात आम्हीही आलो. "जेवलास का?" एवढंच विचारायला त्याच्या अम्मीने दुपारी अडीचला फोन करून त्याला किती वेळा उठवलं असेल, ते सूनबाईलाच माहीत.

त्या सूनबाईनेच शेवटी एक काम केलं. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर तिने महिनाभर प्रत्येक कॉल लिहिला. तारीख, वेळ, काय काम, जावं लागलं की नाही. महिन्याचे 34 कॉल झाले. त्यांतले 9 खरोखर जाण्याचे. 14 कॉल सुट्टीच्या दिवशी आलेले, आणि त्या 14 पैकी 11 "अमुक कुठं ठेवलंय" या जातीचे. मुलगा वही दाखवायला तयार नव्हता. "अब्बा, तक्रारखोर म्हणतील," म्हणाला. आम्ही म्हटलं, तुझे दादा सही करायचे, तू नुसती वही दाखव.

दाखवली. वरिष्ठांनी पानं चाळली, "हे सगळं लिहायची काय गरज होती?" म्हणाले. आठ दिवसांनी फ्रीजच्या बाजूला एक कागद चिकटला: कुठल्या कप्प्यात काय, रजिस्टरं कुठे, आधी कोणाला फोन करायचा आणि त्याने उचलला नाही तर कोणाला. आता सुट्टीच्या दिवशी एखाददुसराच फोन येतो. जागरणाच्या रात्रीचं मात्र काही ठरलेलं नाही. पुण्याहून एका लॅबने ठरलेल्या आठ तासांची नोकरी देऊ केली आहे. मुलाने अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. आम्ही विचारत नाही. त्याची अम्मी विचारते.

राहता राहिला गाडीतला आवाज. रेल्वेने 2022 च्या जानेवारीत रात्री दहानंतर डब्यात मोठ्याने गाणी आणि फोनवर मोठ्याने बोलणं यांना मनाई केली. मुंबईच्या बेस्टने 2023 च्या एप्रिलमध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइल वाजवू नका असं सांगितलं. नियम आहेत, पण आपल्या गाडीत रील वाजवणाऱ्या पोराला बोलायला कोण उठतो? पोराला तरी बोलता येतं. एकदा कराडपासून आमच्या शेजारी एक वयस्कर चाचा मोबाइलवर मौलानांचं बयान लावून बसले होते, पूर्ण आवाजात. बयान चांगलं होतं. तरी आजूबाजूची माणसं कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघत होती आणि आमची काही बोलायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या कोणी भजन लावलं असतं तर मनातल्या मनात कुरकुरलो असतो, हेही खरं. हदीस आठवत होती: नबी (स.) मस्जिदीत एतिकाफला बसले असताना लोक मोठ्याने कुरआन पढत होते, तेव्हा त्यांनी पडदा बाजूला करून सांगितलं, की प्रत्येकजण आपल्या रबशी बोलतो आहे, एकमेकांना त्रास देऊ नका. तिलावतीलाही ही मर्यादा होती. चाचा आष्ट्याला उतरले, सलाम करून. आम्ही सलामाचं उत्तर दिलं, एवढंच.

मुलाने मात्र स्वतःपुरता एक रिवाज पाडला आहे. गाडीत फोन आला की कट करतो, "बसमध्ये आहे, तातडीचं असेल तर लिहा" असा मेसेज टाकतो. तातडीचं असलं तर दाराजवळच्या पायरीशी जाऊन तोंडावर हात धरून बोलतो. नसलं तर कराड स्टँडवर खाली उतरून फोन लावतो. गाडी तिथे थोडा वेळ थांबतेच. परवा बोलता बोलता वेळ झाली, कंडक्टरने डबल बेल मारली, गाडी हलली. मागच्या सीटवरच्या दोन बायका एकदम ओरडल्या, "अहो थांबवा, ते फोनवालं पोरगं खालीच राहिलं!"