बाटलीतून माडावर

चेन्नईत मैलापूर, अड्यार या भागांत जुन्या बंगल्यांची जी मोजकी आवारे अजून उरली आहेत, तिथे माडाच्या किंवा आंब्याच्या खोडाला बिलगून एक वेल थेट वर गेलेला दिसतो. पाने सुपाएवढी, गर्द हिरवी, त्यांवर पिवळे फराटे, आणि कडा जागोजागी आत चिरलेल्या. पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांना हा वेल चटकन ओळखू येत नाही. घरी टीव्हीशेजारी बाटलीतल्या पाण्यात पाच-सहा पानांवर वर्षानुवर्षे तग धरून राहिलेला मनी प्लांट तो हाच, असे सांगितले तरी खरे वाटत नाही.

या वेलाचे मूळ घर म्हणजे पॅसिफिक महासागरात ताहितीशेजारी असलेले मूरिया बेट. युरोपातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद केली १८८० मध्ये. जंगलात तो जमिनीवरून सरपटत जातो, खोड सापडले की पेरापेरातून हवाई मुळे काढून त्याला चिकटतो आणि उजेडाच्या दिशेने वर चढतो. वीस मीटर उंची तो सहज गाठतो. चढता चढता त्याचे रूपच पालटते. मुळांना आधाराचा ओलसर स्पर्श आणि पानांना वाढता उजेड मिळाला की प्रत्येक नवे पान आधीच्यापेक्षा मोठे होते, आणि पुढे पाने चिरू लागतात. उलट कुंडीतून खाली लोंबत सोडलेल्या वेलाची पाने टोकाकडे लहान लहान होत जातात. दिवाणखान्यात आपण पाहतो ती या वेलाची बाल्यावस्था. घरात त्याला मोठे व्हायला आधार, उजेड आणि जागा यांपैकी काहीच पुरेसे मिळत नाही.

त्याची आणखी एक गोष्ट विलक्षण आहे. मनी प्लांट फुलत नाही, अगदी झाडावर चढून पूर्ण वाढला तरी नाही. संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचे कारण दाखवून दिले. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या जनुकातच या वेलात बिघाड आहे. जिबरेलिन बाहेरून फवारले तेव्हा त्याला फुले आली. थोडक्यात, घरोघरी दिसणारा मनी प्लांट बियांपासून आलेला नाही. एकाच्या कांडीपासून दुसरा, दुसऱ्याच्या कांडीपासून तिसरा, असा तो जगभर गेला. चोरून आणलेला मनी प्लांट जोमाने वाढतो, ही समजूतही पसरायला सोपी गेली, कारण चोरायला एक पेर पुरते.

चेन्नईत तो बाहेर इतका का माजतो, याचे उत्तर तिथल्या थंडीत आहे, किंवा थंडीच्या अभावात. पारा पंधराच्या खाली गेला की या वेलाची वाढ थांबते आणि दहाच्या खाली पाने काळी पडू लागतात. पुण्यात, नाशकात दर हिवाळ्यात तशा रात्री येतात, आणि निफाडच्या द्राक्षबागांत तर काही पहाटे दवबिंदू गोठतात. चेन्नईत नोंदलेले आजवरचे सर्वांत कमी तापमान आहे १३.९ अंश सेल्सिअस, तेही ११ डिसेंबर १८९५ चे! जानेवारीतही तिथली रात्र साधारण विसाच्या आसपास राहते. त्यात समुद्राची दमट हवा.

म्हणून कुंडी उचलून गच्चीवर नेऊन ठेवली की काम झाले, असे मात्र नाही. चेन्नईत रोप मरते ते उन्हाने आणि पाण्याने.

मे महिन्यातल्या कडक उन्हाच्या काळाला तिथे कत्तिरी म्हणतात. त्या दिवसांत शहराला वाचवतो तो दुपारी समुद्रावरून येणारा वारा. तो वेळेवर आला तर पारा आवरतो, उशीर झाला तर चाळिशी ओलांडतो. ३१ मे २००३ रोजी तो ४५ अंशांवर गेला होता. घरातल्या मंद उजेडात आलेली पाने पातळ असतात. प्रखर ऊन पचवण्याची यंत्रणा त्यांच्यात तयारच झालेली नसते. असे रोप थेट उन्हात ठेवले की दोन-तीन दिवसांत पानांवर आधी फिकट आणि मग तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडतात. पांढरे-पिवळे पट्टे आधी जळतात, कारण त्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते. जळलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. पण नव्या उजेडात फुटलेले नवे पान मुळातच जाड येते आणि टिकते. त्यामुळे सारा प्रश्न धीराचा आहे: आधी आठवडाभर खोल सावली, मग सकाळचे तासभर ऊन, मग दोन तास. पश्चिमेची भिंत टाळावी, पूर्वेची निवडावी. गच्चीच असेल तर निम्मे ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधावी.

बाहेर लावायला जुलै-ऑगस्ट हा काळ सर्वांत बरा. महाराष्ट्रात तेव्हा धो धो पाऊस असतो. चेन्नईत मात्र ढगाळ आभाळ आणि संध्याकाळच्या अधूनमधून सरी. तिथला खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. वर्षाच्या सुमारे १४०० मिलिमीटरांपैकी निम्म्याहून अधिक पाऊस या तीन महिन्यांतच पडतो. तोवर मुळे रुजलेली हवीत आणि कुंडीच्या तळाची भोके मोकळी हवीत. २०१५ च्या नोव्हेंबरात एका महिन्यात एक हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अशा पावसात पाणी तुंबलेल्या कुंडीत मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

पाण्याची दुसरी अडचण चवीची आहे. बेझंटनगर, तिरुवान्मियूर अशा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत बोअरचे पाणी अनेक ठिकाणी खारट लागते. २०१९ च्या जूनमध्ये पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम ही चारही मोठी जलाशये आटली, तेव्हा माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागली. मग कुंड्यांना बोअरचेच पाणी. क्षार मातीत साचतात, कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात, पानांची टोके करपतात. अनेक घरी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून झाडांना घालतात. हेतू चांगला, पण क्षार नेमके त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरावे. कुंड्यांसाठी एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी उत्तम. हवेतल्या बाष्पाचे ते पाणी असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि चेन्नईच्या दमट हवेत एक एसी दिवसाकाठी बादलीत दिसण्याइतके पाणी देतो.

आधारासाठी काथ्या गुंडाळलेला दांडा पुरतो. पोल्लाचीच्या परिसरात काथ्याचा मोठा उद्योग आहे, त्यामुळे तमिळनाडूत तो सहज मिळतो. मात्र काथ्यातही मीठ असते, तो दोन-तीनदा धुऊन घ्यावा. दांडा ओला ठेवला तरच मुळे त्यात शिरतात, आणि मुळे शिरली की पाने मोठी होऊ लागतात.

मनी प्लांटच्या सोबतीला बाहेर आणखी काय चालते? स्नेक प्लांट हळूहळू सवय लावली तर भर उन्हातही टिकतो. क्रोटन तर बाहेरच रंगतो, घरात त्याचे रंग फिके पडतात. अँथुरियमला जाळीची सावली हवी. कॅलेथियाच्या मागे लागू नये, खारट पाण्याने त्याच्या कडा सर्वांत आधी जळतात. रबर प्लांट जमिनीत मुळीच लावू नये. तो वडाच्या गोत्रातला मोठा वृक्ष आहे. त्याच्या मुळांनी आवाराची भिंत आणि जमिनीखालची पाण्याची टाकी यांना तडे जाऊ शकतात.

आणि मनी प्लांट? तो जमिनीत लावून झाडावर सोडावा का? देखणा दिसतो, तरी सोडू नये. माडाला वेढला की पाडेल्याला चढता येत नाही, शेंड्यातली कीड दिसत नाही. मोठ्या झाडावर त्याच्या ओल्या पानांचा भार वाढत जातो. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळाने चेन्नईतली हजारो झाडे पाडली. तसल्या वाऱ्यात कुठल्याही झाडावर जादा ओझे नकोच. श्रीलंका, हवाई आणि फ्लोरिडा येथे बागेतून निसटलेला हा वेल रानात शिरून जमीन झाकून टाकतो आणि खालच्या रोपांना उजेड मिळू देत नाही. गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानासारखे शुष्क सदाहरित रान शहराच्या पोटात शाबूत असताना हा धोका कुणी पत्करू नये. कुंडी, काथ्याचा दांडा आणि माणसाच्या उंचीची मर्यादा एवढ्यातही पाने हातभर होतात.

बाहेर ठेवलेल्या कुंडीखालच्या ताटलीकडे आणि पाण्याच्या बाटलीकडे डेंग्यूसाठी लक्ष हवेच. एडिस डासाला स्वच्छ साचलेले पाणी लागते आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. म्हणून पाणी आठवड्याला बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण अंडी काचेला चिकटून कोरडी राहूनही जगतात. पाने कुत्र्या-मांजरांच्या आणि रांगत्या मुलांच्या तोंडाशी येणार नाहीत अशी ठेवावीत, त्यांतल्या ऑक्झॅलेटच्या सुया तोंडाची आग करतात. छाटलेल्या कांड्या अड्यार नदीकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकू नयेत. एकेका पेरातून नवा वेल उठतो, त्यामुळे त्या गच्चीवर कत्तिरीच्या उन्हात पूर्ण कडक वाळवाव्यात आणि मगच कचऱ्यात द्याव्यात.