टायरवरचे ५१ आणि दारावरचे ३३

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत एक सल्ला फार ठामपणे दिला जातो. कुणी हौसेने गाडीची सोळा इंची रिम काढून अठरा इंची अलॉय बसवली आणि विचारलं, ‘आता हवा किती भरू?’ की उत्तर तयार: ‘टायरवरच लिहिलंय की, ५१. भर तेवढी!’

नका भरू. टायरच्या अंगावर ‘मॅक्स प्रेस’पुढे असतो तो आकडा कमाल मर्यादेचा. तो टायर कंपनीने छापलेला असतो आणि हा टायर कुठल्या गाडीखाली जाणार हे तिला ठाऊक नसतं. हवा किती लागते हे गाडीची कंपनी सांगते, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर. अमेरिकेत तो स्टिकर कायद्यानेच लावावा लागतो. मात्र तोही आकडा कारखान्यातून आलेल्या मापाचा. माप बदललं की हिशोब नव्याने करायचा, आणि तो वजनाचा असतो.

गाडीचा भार पेलते ती मुख्यतः टायरमधली दाबाखालची हवा. रिम मोठी केली तरी चाकाची एकूण उंची जवळपास तीच ठेवतात, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो. म्हणजे रबराची भिंत बुटकी होते आणि हवेला जागा कमी उरते. तेवढाच भार पेलायचा तर बहुतेक वेळा दाब वाढवावा लागतो.

किती? समजा मूळ टायर २०५/५५ आर १६, लोड इंडेक्स ९१, आणि स्टिकरवर ३३ पीएसआय. ९१ म्हणजे जास्तीत जास्त ६१५ किलो, तेही ३६ पीएसआयला. ३३ला तो साधारण ५७५ किलो पेलतो. नव्या टायरनेही इतकं पेललंच पाहिजे. आता २२५/४० आर १८ घेतलात. त्यात साधा टायर ८८ इंडेक्सचा मिळतो, म्हणजे कमाल ५६० किलो. इथे तो ५१चा सल्ला पार आडवा होतो. साध्या टायरची भारक्षमता ३६च्या आसपास संपते, पुढे कितीही हवा कोंबली तरी ५६०चे ५७५ होत नाहीत. हा टायर या गाडीला चालणारच नाही.

त्याच मापाचा ‘एक्स्ट्रा लोड’ (एक्सएल), ९२ इंडेक्सचा टायर घ्या. कमाल ६३० किलो. ‘हा तर मजबूत, मग ३३ पुरे,’ हा पुढचा गैरसमज, आणि जास्त घातक. एक्सएल टायर आपला पूर्ण भार ४२ पीएसआयला पेलतो. ३३ला तो जेमतेम ५२० किलोवर येतो, मूळ साध्या टायरपेक्षाही कमी! ५७५ गाठायला ३७-३८ हवेत. हे आकडे मी ढोबळ सूत्राने काढलेत. नेमके आकडे अमेरिकेच्या टायर अँड रिम असोसिएशनच्या आणि युरोपच्या ईटीआरटीओच्या तक्त्यांत असतात. रिम विकणाऱ्या दुकानदाराला तो तक्ता दाखवायला सांगा. त्याने खांदे उडवले तर दुकान बदला.

दोन-चार पीएसआयने काय बिघडतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी फोर्ड-फायरस्टोन प्रकरण आठवावं. एक्सप्लोरर गाडीच्या टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. ऑगस्ट २०००मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. टायरमधलाच दोष, गाडीची रचना, उष्णता, सगळ्यावर वाद झाला; त्यातला एक मोठा वाद फोर्डने सुचवलेले २६ पीएसआय की फायरस्टोनचे ३०, असा होता. कमी हवेचा टायर जास्त वाकतो आणि तापतो, एवढं त्यात कुणी नाकारलं नाही.

त्याच वर्षी टायर-सुरक्षेचा ‘ट्रेड’ कायदा झाला आणि पुढे डॅशबोर्डवर टायरची हवा कमी झाल्याचं सांगणारा तो पिवळा दिवा आला. ‘दिवा लागला नाही, म्हणजे हवा ठीक’ हे मात्र खरं नाही. नियमाप्रमाणे तो स्टिकरच्या आकड्यापेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागला तरी चालतो. ३३च्या गाडीत म्हणजे २५च्या आसपास. तुमच्या नव्या टायरला ३८ लागतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

बाकीचे गैरसमज झटपट. नायट्रोजन भरला की तपासायला नको? साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तपासा. फ्रीवेवरून उतरल्यावर आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सोडायची? अजिबात नाही, मोजणी गार टायरची, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर. उन्हाळ्यात भरलेली हवा हिवाळ्यात पुरते? तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो. न्यू जर्सीत ऑक्टोबर ते जानेवारी काय होत असेल ते बघा. खड्ड्यांसाठी हवा जरा कमी ठेवावी? बुटक्या टायरमध्ये रिम वाकवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे.

नवा आकडा मिळाला की छोट्या चिठ्ठीवर लिहून दाराच्या स्टिकरशेजारी चिकटवा, म्हणजे पुढचा मेकॅनिक सवयीने ३३ भरणार नाही. आणि कॅलिफोर्नियात राहत असाल तर, गॅस भरणाऱ्या ग्राहकाला हवा फुकट देणं पंपावर कायद्याने बंधनकारक आहे. मशीनने पैसे मागितले तरी आत काउंटरवर जाऊन विचारा.