खोललेली फियाट विकताना

इंजिन बाहेर काढलेलं, दरवाजे भिंतीला टेकवलेले, मागच्या सीटच्या जागी नटबोल्टांचे डबे. मुंबई-पुण्याच्या गॅरेजांत अशी विटांवर चढवलेली फियाट नवलाची नाही. मालकाने हौसेने खोललेली असते, मग मिस्त्री गावी जातो, पैसे आटतात आणि हौसही. गाडी विकायला निघते तेव्हा मालक आजवरच्या खर्चाची बिलं पुढे करतो. घेणारा ती बघतही नाही. तो आरसी बुक मागतो.

त्याचं बरोबर आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. सुरुवातीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, ती आपली ‘डुक्कर फियाट’. १९६४ च्या सुमारास डिलाइट आली, १९७४ पासून तीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगलगतचा गिअर; डिलाइटपासून पुढे पस्तीसेक वर्षं साचा फारसा बदलला नाही. त्यामुळे पद्मिनी दुर्मीळ नाही. कागद चोख आणि सगळे भाग जागेवर असलेली पद्मिनी मात्र शोधावी लागते.

जाणकार घेणारा येताना लोहचुंबक आणि पेचकस आणतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. दारांखालच्या पट्ट्या, पायांखालचा पत्रा आणि डिकीचा तळ सडला असेल, तर गाडीचं हाडच गेलं. चुंबक चिकटला नाही की आत पुटी भरलीय हे कळतं, मग वरचा चकचकीत रंग उलट संशय वाढवतो. म्हणून माझं मत असं की विकायची गाडी रंगवू नये. प्रायमरवरची किंवा उघडी बॉडी खरं काय ते सांगते आणि भावही बरा आणते.

यंत्राची चिंता तुलनेने कमी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीने वर्षानुवर्षं फियाटच्या सुट्या भागांचा बाजार जिवंत ठेवला. २००३ साली ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता घासाघीस होते ती ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, मीटर, हॉर्नची रिंग अशा बारीक वस्तूंसाठी. त्या पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या असतील तर घेणाऱ्याला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. एकाच गोणीत कोंबलेल्या असतील तर तो भंगाराचा भाव सांगतो.

कागदांचं प्रकरण सर्वांत किचकट. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच उलटलेली असतात, नूतनीकरण राहिलेलं असतं आणि दंड साचत जातो. मूळ मालक हयात नसेल तर फॉर्म ३१ आणि वारसांची कागदपत्रं लागतात; एरवी २९ आणि ३०. इंजिन बदललं असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल, तर तो घोळ मालकानेच आधी निस्तरावा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी एक दारही उघडलं आहे. पन्नास वर्षं झालेली, मोठा फेरफार न केलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. १९७४ च्या पद्मिनीने २०२४ मध्ये ही पन्नाशी गाठली. तिच्यात दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं असेल, तर मात्र या वाटेची आशा धरू नका.

खर्चाची बिलं फाइलला असू द्यावीत, पण त्यांची बेरीज किंमत म्हणून सांगू नये. एवढे पैसे सहसा सुटत नाहीत. आणि व्यवहार मे महिन्याच्या आत उरकावा. पत्रा उघडा असेल तर कोकणपट्टीतला एक पावसाळा मिस्त्रीची वर्षभराची मेहनत गंजवून टाकतो.