बफेलो बिल : सरहद्दीचा खेळ मांडणारा माणूस

विल्यम फ्रेडरिक कोडी याचा जन्म २६ फेब्रुवारी १८४६ रोजी आयोवात, मिसिसिपी नदीकाठच्या ल क्लेअर या गावाजवळ झाला. आयोवाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. काही वर्षांनी कुटुंब आणखी पश्चिमेला, कॅन्ससमध्ये राहायला गेलं. या नव्या मुलखात गुलामगिरीला परवानगी द्यायची की नाही, यावरून तिथे रक्तपात चालू होता. वडील आयझॅक कोडी १८५४ मध्ये एका जमावापुढे गुलामगिरीविरुद्ध बोलले, तेव्हा एकाने त्यांना जागीच भोसकलं. त्या वेळी ते वाचले, पण प्रकृती पुन्हा कधी सावरली नाही आणि १८५७ मध्ये ते वारले. अकरा वर्षांचा विल्यम घराला हातभार लावण्यासाठी एका मालवाहतूक कंपनीत निरोप पोचवण्याच्या कामाला लागला. ही कंपनी बैलांच्या गाड्यांचे तांडे पश्चिमेकडच्या लष्करी ठाण्यांवर पाठवत असे. शाळेत तो फारसा गेलाच नाही. घोडा, बंदूक आणि वाटेची खूण ओळखणं, हे त्याचं शिक्षण.

याच कंपनीने एप्रिल १८६० मध्ये ‘पोनी एक्स्प्रेस’ ही घोडेस्वारांची टपाल सेवा सुरू केली. मिसूरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोपर्यंतचं सुमारे तीन हजार किलोमीटरचं अंतर दहाएक दिवसांत कापलं जाई. तारयंत्राची लाइन पूर्ण होताच, दीड वर्षात ही सेवा बंद पडली. आपण तिच्यात स्वार होतो असं कोडी आयुष्यभर सांगत राहिला. बहुतेक अभ्यासकांना हे पटत नाही. पण पुढे तीस वर्षं त्याच्या मैदानात रोज पोनी एक्स्प्रेसचा स्वार धावत राहिला आणि त्यामुळेच ही अल्पायुषी सेवा अमेरिकेच्या स्मरणात पक्की बसली. कोडीच्या चरित्रात घडलेलं आणि रंगवलेलं असं एकमेकांत मिसळलेलं पुष्कळ आहे.

अमेरिकी यादवी युद्धाच्या शेवटच्या काळात तो कॅन्ससच्या घोडदळात होता. १८६६ मध्ये सेंट लुइसच्या लुइझा फ्रेडरिची हिच्याशी त्याचं लग्न झालं. त्याला प्रसिद्ध करणारं नाव मात्र रेल्वेने दिलं. कॅन्सस पॅसिफिक रेल्वेचा मार्ग गवताळ प्रदेशातून पुढे सरकत होता आणि मजुरांच्या तळाला रोज मांस लागत होतं. ते पुरवण्यासाठी ठेकेदारांनी कोडीला महिना ५०० डॉलरवर ठेवलं. त्या काळात ही रक्कम फार मोठी होती. रोज बारा बायसन मारायचे, असा करार होता. त्याची शिकारीची पद्धत त्यानेच वर्णन केली आहे. ‘ब्रिगहॅम’ या घोड्यावरून तो कळपाच्या पुढे जाई, म्होरक्यांवर गोळ्या झाडी आणि त्यांना एका बाजूला वळायला लावी. मग मागची जनावरं गोल गोल फिरू लागत आणि मारलेली सगळी एकाच जागी पडत. त्यामुळे मांस गोळा करणाऱ्या गाडीला रानभर हिंडावं लागत नसे. आपण ४,२८० बायसन मारले, असा त्याचा दावा होता. या बायसनला तिकडे सर्रास ‘बफेलो’ म्हणत, म्हणून तो ‘बफेलो बिल’ झाला.

१८६८ पासून त्याने लष्करासाठी वाटाड्या आणि टेहळ्या म्हणून काम केलं. हे काम जोखमीचं होतं आणि त्यात तो खरोखर निष्णात होता. याबद्दल त्याचे टीकाकारही शंका घेत नाहीत. पाचव्या घोडदळाचा तो मुख्य टेहळ्या झाला आणि १८७२ मध्ये त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे पदक मिळालं.

त्याच सुमारास दोन गोष्टी अशा घडल्या की त्याच्या आयुष्याने वेगळं वळण घेतलं. नेड बंटलाइन या टोपणनावाने स्वस्त थरारकथा लिहिणाऱ्या लेखकाने १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात बफेलो बिलला नायक करून कथामाला सुरू केली. पुढच्या काळात अशा शेकडो कथा निघाल्या. दुसरी गोष्ट जानेवारी १८७२ ची. रशियाचा राजपुत्र अलेक्सिस अमेरिकेच्या दौऱ्यावर आला होता आणि लष्कराने त्याच्यासाठी नेब्रास्कात शिकारीचा बेत आखला होता. कोडीकडे वाटाड्याचं काम होतं. लाकोटा या मूळ रहिवाशांचा पुढारी स्पॉटेड टेल याच्यासह त्याच्या जमातीची मंडळी तिथे बोलावली होती. त्यांनी पाहुण्यासमोर नाच केले आणि धनुष्यबाणाने शिकार करून दाखवली. पुढच्या भव्य खेळाचा आराखडा इथेच दिसतो : घोडे, बायसन, मूळ रहिवासी, नेमबाजी आणि हे सगळं बघायला आलेला दूरचा प्रेक्षक.

डिसेंबर १८७२ मध्ये शिकागोला बंटलाइनच्या नाटकात कोडी पहिल्यांदा रंगभूमीवर उभा राहिला. पहिल्याच प्रयोगात तो संवाद विसरला. बंटलाइनने प्रसंग सावरून घेत त्याला रंगमंचावरच शिकारीबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि कोडीने मनाला येईल तसं सांगितलं. समीक्षकांनी नाटकाची खिल्ली उडवली, पण नाट्यगृह भरत राहिलं. लोकांना अभिनय नको होता. खरा माणूस बघायचा होता. पुढची दहा वर्षं त्याचा क्रम ठरून गेला : हिवाळ्यात नाटकं, उन्हाळ्यात सरहद्दीवर, म्हणजे गोऱ्यांची वस्ती जिथवर पोचली होती त्या पश्चिमेच्या काठावर, वाटाड्याचं काम.

या दुहेरी आयुष्यातला सर्वांत बोलका प्रसंग १७ जुलै १८७६ चा. तीनच आठवड्यांपूर्वी लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा आणि शायेन या जमातींच्या योद्ध्यांनी जनरल कस्टर आणि त्याच्या तुकडीचा नाश केला होता. कोडी नाटकाचा हंगाम सोडून लष्करात परतला. वॉरबॉनेट ओढ्याजवळ चकमक होईल असं दिसताच त्याने अंगावर चढवला तो रंगमंचावरचा पोशाख : काळी मखमल, तांबडी किनार, चांदीची बटणं. त्या चकमकीत यलो हेअर नावाचा शायेन योद्धा त्याच्या हातून मारला गेला आणि कोडीने त्याच्या केसांसकट डोक्याची कातडी कापून काढली. त्याच वर्षी या घटनेवर नाटक बसवण्यात आलं. ती कातडी आणि त्या योद्ध्याची शस्त्रं जाहिरात म्हणून थिएटरच्या खिडकीत मांडली गेली. न्यू इंग्लंडमधल्या पाद्र्यांनी आणि वर्तमानपत्रांनी आक्षेप घेतल्यावर ती खिडकीतून हलवावी लागली. एका माणसाचा मृत्यू महिन्या-दोन महिन्यांत करमणुकीचा माल झाला होता. बफेलो बिलच्या कीर्तीच्या मुळाशी ही क्रूरता आहे आणि ती नजरेआड करता येत नाही.

नाट्यगृहात घोड्यांचे कळप मावत नव्हते. ४ जुलै १८८२ रोजी नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅट या आपल्या गावी कोडीने स्वातंत्र्यदिनाचा उत्सव मांडला. त्यात घोडेस्वारी, दोरफेक आणि नेमबाजीच्या स्पर्धा होत्या. त्याला लोटलेली गर्दी पाहून १९ मे १८८३ रोजी त्याने ओमाहा इथे ‘वाइल्ड वेस्ट’चा पहिला प्रयोग केला. पहिला भागीदार लवकरच वेगळा झाला. त्याच्या जागी नेट सॉल्सबरी हा मुरलेला नाट्यव्यवस्थापक आला आणि कारभाराला शिस्त लागली. तरी सुरुवात खडतरच होती. १८८४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला निघालेली त्यांची बोट मिसिसिपीत बुडाली आणि पुढे तो अख्खा हंगाम पावसाने धुऊन नेला.

१८८५ ने दिवस पालटले. त्या वर्षी ओहायोच्या गरीब शेतकरी घरातली ॲनी ओकली ताफ्यात आली. लहानपणी शिकार विकून घर चालवणारी ही मुलगी उभ्या धरलेल्या पत्त्याच्या कडेवर नेम धरून त्याचे दोन तुकडे करी. आरशात बघत खांद्यावरून मागे गोळी झाडी आणि नवऱ्याच्या, फ्रँक बटलरच्या, तोंडातल्या सिगारेटची राख उडवी. कार्यक्रमात तिची पाळी अगदी सुरुवातीला ठेवलेली असे. बंदुकीच्या आवाजाने बिचकणारे प्रेक्षक एका सडपातळ बाईला हसतमुखाने गोळ्या झाडताना बघत आणि पुढच्या धडाक्याला सरावत. याच वर्षी लाकोटांचा थोर नेता सिटिंग बुल चार महिने खेळासोबत हिंडला. आठवड्याला ५० डॉलर आणि स्वतःची छायाचित्रं व सह्या विकण्याचा हक्क, अशा त्याच्या अटी होत्या. ॲनीला त्याने मुलगी मानलं होतं.

कोडी आपल्या खेळाला सर्कस म्हणू देत नसे. मधल्या उघड्या मैदानावर छप्पर नव्हतं आणि एका टोकाला डोंगरदऱ्यांचे रंगवलेले भव्य पडदे उभे असत. सर्वांत गाजलेला प्रवेश ‘डेडवुड कोच’चा. हा घोडागाडीचा डबा डेडवुड गावाच्या खऱ्या मार्गावर धावलेला होता आणि त्याच्यावर लुटारूंचे हल्लेही झालेले होते. खेचरं जुंपलेला तो डबा मैदानात येई आणि आत बसायला प्रेक्षकांतले प्रतिष्ठित लोक बोलावले जात. मग घोड्यांवरून लाकोटा स्वार तुटून पडत, धुराने मैदान भरे आणि ऐनवेळी बफेलो बिल काऊबॉयांसह धावून येई. याखेरीज बायसनची लुटुपुटीची शिकार, उधळ्या घोड्यांना काबूत आणणं, स्थायिकाच्या लाकडी घरावरचा हल्ला, मेक्सिकन स्वारांची दोरफेक आणि पुढे कस्टरचा अंतही दाखवला जाई. काऊबॉय म्हणजे दंगेखोर गुराखी, ही समजूत बदलून त्याला नायक करण्यात या मैदानाचा वाटा फार मोठा आहे. या सगळ्या प्रवेशांत एक उलटापालट मात्र सतत होती. जमीन गमावलेले लोक हल्लेखोर म्हणून दिसत आणि जमीन घेणारे बचाव करताना दिसत.

१८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी हा सगळा पसारा बोटीने लंडनला गेला. पती वारल्यापासून राणी सार्वजनिक करमणुकीला जवळजवळ जातच नसे. ती ११ मे रोजी खेळ बघायला आली. जूनमध्ये पुन्हा खास प्रयोग झाला आणि डेडवुडच्या डब्यात युरोपातले चार राजे बसले. वर गाडीवानाशेजारी प्रिन्स ऑफ वेल्स होता. त्यानंतर १८८९ मध्ये पॅरिसचं जागतिक प्रदर्शन आणि पुढे इटली, जर्मनी असा दौरा झाला.

या खेळातल्या लाकोटांचं आयुष्य हा या कथेचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. त्यांतले बरेच जण पाइन रिज या राखीव क्षेत्रातले. तिथे १८८३ च्या सरकारी नियमांनी सूर्यनृत्यासारखे पारंपरिक नाच गुन्हा ठरवले होते आणि परवानगीशिवाय हद्दीबाहेर जाता येत नव्हतं. कोडीच्या मैदानात त्यांना नाचता येत होतं, घोडे पळवता येत होते, बायकामुलं सोबत ठेवता येत होती आणि ठरलेला पगार मिळत होता. सरकारी अधिकाऱ्यांना आणि सुधारकांना हे खुपे, कारण त्यांना या लोकांना शेतकरी आणि ख्रिस्ती करायचं होतं. दौऱ्यात काही जण आजारपणाने दगावले, तेव्हा गैरवागणुकीचे आरोप झाले. १८९० मध्ये कलाकार स्वतः वॉशिंग्टनला गेले आणि आपल्याला बरं वागवलं जातं, हे काम आपण आपल्या खुशीने करतो, अशी साक्ष त्यांनी दिली. पुढे लाकोटांचा प्रसिद्ध धर्मपुरुष झालेला ब्लॅक एल्क तरुणपणी याच ताफ्यात होता. १८८८ मध्ये मँचेस्टरला बोट चुकून तो मागे राहिला, वर्षभर युरोपात भटकला आणि पॅरिसला कोडीची गाठ पडल्यावर त्याच्याच मदतीने घरी पोचला.

१८९० च्या अखेरीस लाकोटांमध्ये पसरलेल्या ‘घोस्ट डान्स’ या धार्मिक चळवळीमुळे सरकार धास्तावलं. सिटिंग बुलला समजावून आणण्यासाठी कोडीला पाठवण्यात आलं, पण वाटेतच तो आदेश रद्द झाला. १५ डिसेंबरला अटकेच्या वेळी सिटिंग बुल मारला गेला आणि २९ डिसेंबरला वुंडेड नी इथे सैन्याने बायकामुलांसह लाकोटांची कत्तल केली. चळवळीतले किकिंग बेअर आणि शॉर्ट बुल यांना लष्कराने कैद केलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांची सुटका झाली ती कोडीच्या ताफ्यात सामील होण्याच्या अटीवर, आणि ते युरोपला गेले.

१८९३ हे भरभराटीचं शिखर. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जागा नाकारली गेल्यावर कोडीने दाराशेजारीच मैदान घेतलं. आता नाव होतं ‘बफेलो बिल्स वाइल्ड वेस्ट अँड काँग्रेस ऑफ रफ रायडर्स ऑफ द वर्ल्ड’. मेक्सिकन, अरब, दक्षिण अमेरिकेतले गाऊचो आणि कोसॅक म्हणून मिरवलेले, पण प्रत्यक्षात जॉर्जियाच्या गुरिया प्रांतातले स्वार, असे सगळे त्यात होते. त्याच शहरात १२ जुलैला फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकाराने अमेरिकेची सरहद्द आता संपली, हा आपला प्रसिद्ध निबंध वाचला. बायसन तोवर कोट्यवधींवरून जेमतेम हजाराच्या घरात आले होते. ज्या जगाचं दर्शन मैदानात घडत होतं, ते बाहेर उरलं नव्हतं.

१८९५ पासून सर्कसमालक जेम्स बेली याने वाहतूक हाती घेतली आणि खेळ स्वतःच्या आगगाड्यांनी रोज नव्या गावी जाऊ लागला. पहाटे डबे रिकामे व्हायचे, सकाळी मिरवणूक, दुपारी आणि रात्री खेळ, मग पुन्हा सगळं गाडीत चढवायचं. १८९९ मध्ये दोनशे दिवसांत ३४१ प्रयोग झाले आणि सुमारे १८ हजार किलोमीटर प्रवास झाला. इतकी दगदग घोड्यांना, माणसांना आणि साठीकडे झुकलेल्या कोडीला सोसवणारी नव्हती. १९०१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ताफ्याच्या गाडीला अपघात होऊन शंभराहून अधिक घोडे मेले. ॲनी ओकली जखमी झाली आणि तिने खेळ सोडला. सॉल्सबरी १९०२ मध्ये आणि बेली १९०६ मध्ये वारला.

कोडीने अमाप कमावलं आणि तितक्याच सहज घालवलं. वायोमिंगमध्ये त्याने स्वतःच्या नावाचं गाव वसवलं, कालवे काढायला घेतले, १९०२ मध्ये मुलीच्या नावाने इर्मा हॉटेल उघडलं. ॲरिझोनातल्या खाणींनी तर त्याला धुऊनच काढलं. मागायला आलेल्या जुन्या सोबत्याला तो रिकाम्या हाताने पाठवत नसे. घरही दुभंगलं होतं. त्याने दाखल केलेला घटस्फोटाचा दावा १९०५ मध्ये न्यायालयाने फेटाळला. या माणसाची काही मतं मात्र काळाच्या पुढची होती : स्त्रियांना मताधिकार हवा आणि सारख्या कामाला पुरुषाइतकाच पगार हवा, असं तो उघडपणे बोले.

शेवटची काही वर्षं त्याने प्रतिस्पर्धी पॉनी बिल याच्याशी भागीदारी केली. १९१३ मध्ये डेन्व्हरच्या हॅरी टॅमन याने वीस हजार डॉलरच्या कर्जापोटी खेळावर जप्ती आणली आणि घोडे, गाड्या, तंबू लिलावात गेले. त्याच वर्षी कोडीने सरहद्दीवरच्या लढायांवर मूकपट काढला आणि त्यासाठी वुंडेड नीच्या जागीच चित्रण केलं. नंतर सत्तरीपर्यंत तो दुसऱ्यांच्या सर्कशीत घोड्यावर बसून प्रेक्षकांना सलाम करत राहिला.

१० जानेवारी १९१७ रोजी डेन्व्हरला बहिणीच्या घरी त्याचा मृत्यू झाला. जूनमध्ये शहराजवळच्या लुकआउट डोंगरावर दफन झालं, तेव्हा हजारो लोक वर चढून आले. वायोमिंगमधल्या कोडी गावाला हे कधीच पटलं नाही. मृतदेहावरून दोन्ही गावांत कित्येक वर्षं वाद चालला. लष्करी सेवेत नसलेल्यांची पदकं रद्द करण्याच्या निर्णयात टेहळ्या सैनिकांत गणला जात नसल्यामुळे त्याचं पदकही १९१७ मध्येच गेलं होतं. ते १९८९ मध्ये परत देण्यात आलं. तोवर त्याच्या मैदानातल्या काऊबॉयांनी, घोडागाडीवरच्या हल्ल्याने आणि ऐनवेळी धावून येणाऱ्या स्वारांनी हॉलिवूडच्या वेस्टर्न चित्रपटांत दुसरा जन्म घेऊन पाऊण शतक उलटलं होतं.